दोन पेशी जास्त

लॅबमध्ये त्यांना सगळे 'शंभर' म्हणायचे. तोंडावर अर्थातच 'सर'. ते जिना चढायला लागले की खालच्या खिडकीतून कुणीतरी हळूच आवाज द्यायचं, "शंभर आले गं," आणि चहाचे कप टेबलाखाली जायचे. माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी 'शहाणी' ठेवलं. माझी चूक एवढीच की मी विचारलं, "सर, शंभरच पेशी का मोजायच्या? नव्वद मोजल्या तर काय बिघडतं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं नि म्हणाले, "आली मोठी शहाणी." झालं. बावीस वर्षं ते नाव मला चिकटून आहे.

शंभरची भानगड अशी. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि पांढऱ्या पेशी एकेक करून मोजायच्या. ही या जातीची, ती त्या जातीची. शंभर भरल्या की थांबायचं. सरांकडे त्यासाठी एक लोखंडी डबडं होतं, सहा बटणांचं, प्रत्येक जातीला एक बटण. पेशी दिसली की बटण दाबायचं, खट्. शंभर खट् झाले की आतली घंटी वाजायची. मग सगळ्या जातींचे आकडे कागदावर उतरवायचे आणि त्यांची बेरीज शंभर यायलाच हवी. नव्व्याण्णव नाही, एकशे एक नाही. माझी पहिल्या महिन्यात एकदा अठ्ठ्याण्णव आली. सरांनी रिपोर्टचे चार तुकडे केले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन पेशी खाल्ल्यास का गं? नाश्ता करून येत जा."

मी रडले नाही. तीच पट्टी अकरा वेळा मोजली आणि अकराव्या वेळी मनातल्या मनात त्यांना अशी शिवी हासडली की आजही आठवून बरं वाटतं.

माणूस कडक होता, पण फुकटचा कडक नव्हता. एकोणिसाव्या वर्षी बाटल्या धुवायला म्हणून लागलेला. दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून बघून मायक्रोस्कोप शिकला, रजा टाकून परीक्षा दिल्या, आणि ज्यांच्या बाटल्या धुतल्या त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसला. एकदा एका पेशंटचा भाऊ खिडकीशी येऊन गयावया करत होता, "साहेब, आकडा थोडा बरा लिहा ना, तिला दाखवायचाय." सर म्हणाले, "आकडा माझ्या बापाचा नाही. रक्तात आहे तो लिहिणार." भाऊ तिथेच मटकन खाली बसला. सरांनी त्याला पाणी दिलं, पण आकडा बदलला नाही.

पुढे मोजणारी मोठी मशीन आली. डबडं कपाटात गेलं. निवृत्तीच्या दिवशी आम्ही वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. सर म्हणाले, "घड्याळ घरी आहे. मला ते डबडं द्या." आणि पिशवीत घालून घेऊन गेले.

चार वर्षांनी त्यांच्या नावाची बाटली आमच्या लॅबमध्ये आली. अशक्तपणा, ताप, हिरड्यांतून रक्त. मशीनने लाल दिवा दाखवला म्हणून मी पट्टी केली. मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळीकडे कच्च्या पेशी. मोठ्या, निळसर, अर्धवट. त्या मला त्यांनीच ओळखायला शिकवल्या होत्या. ब्लड कॅन्सर. शंभर मोजल्या, बेरीज तपासली, सही केली. त्या घरात कुणालाही कळायच्या आधी मला कळलं.

पुढचं वर्ष नेहमीसारखं गेलं, म्हणजे भयंकर गेलं. जालीम औषधं दोनदा झाली. केस गेले, जिभेची साल गेली, मधे तीन महिने रक्त सुधारलं, आणि मग कच्च्या पेशी परत आल्या, आधीपेक्षा जास्त. आमच्याच दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सरांच्या मुलाला आणि काकूंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता रोग बरा करणारं औषध उरलेलं नाही. रक्ताच्या आणि प्लेटलेटच्या बाटल्या देत राहू. तळमजल्यावर एक विभाग आहे, तो दुखणं सांभाळतो, माणूस सांभाळतो, घरीसुद्धा येतो. तिथे नाव घाला.

काकू म्हणजे सरांच्या बायको. गोड बाई. आयुष्यभर त्या माणसाचा कडकपणा झेलून तोंडावरचं हसू टिकवलेली. त्या तळमजल्यावर एकदा जाऊनही आल्या. तिथल्या सिस्टरनी सांगितलं, "आम्ही कुणाला बळजबरीने काही सांगत नाही. पण पेशंटने मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." काकूंनी हात जोडले आणि उलट पावली परत आल्या. शिवाय त्या विभागाच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत नाव होतं. ती गाडी दारात उभी राहिली की सरांना न सांगताच कळणार. आणि कळलं की ते खचणार, हे काकूंनी नि मुलाने ठरवून टाकलेलं.

राहता राहिला रिपोर्ट. माणूस पस्तीस वर्षं रिपोर्ट लिहिणारा. दर आठवड्याला रक्त तपासायला जाणार आणि कागद मागणार नाही? मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला, त्याच्या डोक्यात सुपीक कल्पना आली. तो आईला म्हणाला, "खरे कागद माझ्याकडे ठेवतो. बाबांना दाखवायला वेगळे बनवून घेऊ. त्यांची ती शहाणी आहे ना लॅबमध्ये."

काकू माझ्या घरी आल्या. चप्पल काढायच्या आधीच रडायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, हे मला जमणार नाही. माझी नोकरी जाईल." त्या म्हणाल्या, "अगं, एवढं एक कर. ते झोपत नाहीत. नुसते छताकडे बघत बसतात. चांगला कागद बघितला तर झोपतील तरी." मी कठोर बाई आहे असं सगळे म्हणतात. पण त्या दिवशी माझा कठोरपणा कुठे शेण खायला गेला होता कोण जाणे. हो म्हणून बसले.

पहिला खोटा रिपोर्ट मी जेवणाच्या सुट्टीत बनवला, लॅबच्या छापील कागदावर, दाराकडे एक डोळा ठेवून. प्लेटलेट दोन लाख दहा हजार. खऱ्या होत्या चौदा हजार. पेशींचे आकडे मनाने टाकले: एकसष्ट, एकतीस, सहा, चार. कच्च्या पेशी शून्य. संध्याकाळी स्वतः घेऊन गेले.

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. खिडकीच्या कठड्यावर ते डबडं. अंगाची नुसती काडी झालेली, पण चष्मा तोच. कागद हातात घेतला, वरून खाली एकदा नजर फिरवली. काकू दारात उभ्या, पदर बोटाला गुंडाळत.

"वा," सर म्हणाले. "सुधारलंय की. अगं, हिला चहा टाक."

काकूंचा चेहरा असा उजळला की बघवत नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आला तशी सरांनी मान वळवली.

"एकशे दोन."

मी दाराकडे पाहिलं.

"एकसष्ट आणि एकतीस ब्याण्णव. सहा अठ्ठ्याण्णव. चार एकशे दोन. शंभरात एकशे दोन! दोन पेशी कुठून आणल्यास, माहेरून?"

त्या अठ्ठ्याण्णवनंतर बावीस वर्षांत एकदाही बेरीज चुकली नव्हती. खरं मोजताना चुकत नाही हो. बनवताना चुकते.

"कच्च्या किती आहेत खऱ्या?"

"सर..."

"किती?"

"सत्तर."

त्यांनी मान हलवली, कुणी बसचा नंबर सांगितल्यावर हलवावी तशी. मग कागदाची घडी घातली. "हिने पाठवलं ना तुला? की चिरंजीवांचं डोकं?"

"दोघांचं."

"हं. आता ऐक. दर आठवड्याला आणायचा. बेरीज शंभर करून आणायची. सुधारणा हळूहळू दाखव, एकदम दाखवशील तर हिलाही संशय येईल."

मला वाटलं ताप डोक्यात गेला. "सर, तुम्हाला माहीत आहे, मग हे नाटक कशाला?"

"माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. मला कळलं नाही एवढाच एक आनंद राहिलाय बाईला. तो काढून घेऊ?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण मला अंधारात ठेवायचं नाही. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलने बारीक खरा आकडा लिहायचा. प्लेटलेट आणि कच्च्या. मी उलटून बघेन. ती उलटत नाही, तिला आकड्यांचा कंटाळा."

असं आमचं सुरू झालं. पुढून खोटं, मागून खरं. नवऱ्याला कळू नये म्हणून बायको धडपडते, आणि आपल्याला कळलंय हे तिला कळू नये म्हणून नवरा धडपडतो. मधे मी, दोघांकडून चहा पिणारी. हसूही यायचं कधीकधी. प्लेटलेटची बाटली चढवायला नेताना काकू सांगायच्या, "ताकदीची आहे हो," आणि सर म्हणायचे, "हो का? मग दोन लावायला सांग."

दुखणं मात्र वाढत होतं. हाडांच्या आत कच्च्या पेशी दाटल्या की हाड आतून फुटल्यासारखं दुखतं. साध्या गोळ्यांनी काही होत नव्हतं. त्यावर मॉर्फिन लागतं, आणि ते तळमजल्यावर मिळायचं. एकदा मी काकूंकडे विषय काढला तर त्या कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "ती नशेची गोळी नको गं बाई. ती शेवटाला देतात."

मग सरांनी डबडं कामाला लावलं. कळ आली की बटण दाबायचं. पहिलं बटण कंबर, दुसरं नडग्या, तिसरं पाठ. मी गेले की आकड्यांची चिठ्ठी माझ्या हातात. एकदा होती: कंबर अठ्ठेचाळीस, नडग्या सदतीस, पाठ पंधरा.

"शंभर," मी म्हटलं.

"शाब्बास. तीन दिवसांत घंटी वाजली. आता नीट ऐक, शहाणे. एका दिवसात घंटी दोनदा वाजायला लागली की माझ्यात नाटकाची ताकद राहायची नाही. त्या दिवशी तू खऱ्या कागदांची नक्कल घेऊन तळमजल्यावर जायचं आणि त्या सिस्टरला घरी आणायचं. हिला काय सांगायचं ते मी सांगेन तेव्हा. माझं मी बघेन. पण आणायचं. किंचाळत मरायचं नाहीये मला, हिच्यादेखत तर नाहीच. एवढं एकच मागतोय."

"आणते, सर."

"आईची शप्पथ घे."

घेतली. माझी आई जिवंत आहे, आणि तिला यातलं काही माहीत नाही.

काकू मला दुपारी फोन करायच्या. घंटी हा त्यांच्या कौतुकाचा विषय. "अगं, त्यांना ते जुनं यंत्र काय आवडतं! खट् खट् करत बसतात. विरंगुळा आहे हो. काल घंटीसुद्धा वाजवली." मी 'हो का, हो का' करायची. सरांनी डोळे मिटून, दात आवळून बटण दाबलेलं काकूंनी पाहिलं नसेल का? पाहिलं असणार. पण चांगला कागद उशाशी होता ना. माणसाला जे बघायचं नसतं ते समोर ठेवलं तरी दिसत नाही.

त्या आठवड्यात लॅबची तपासणी ठरली होती. बाहेरून दोन तपासनीस येणार, शुक्रवारी. कागदन् कागद बघणार, छापील कोऱ्या कागदांचे नंबरसुद्धा मोजणार. मी सात कागद वापरले होते. नव्या साहेबांनी सोमवारीच दम भरला, "एक जरी चूक निघाली तर ज्याची असेल त्याने घरचा रस्ता धरायचा." माझी पाचावर धारण बसली. सात कागदांची खोटी नोंद 'छपाईत खराब' म्हणून मी रजिस्टरात टाकली आणि देवाचा धावा करत बसले.

मंगळवारी काकूंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "आज तर स्वारी भलतीच खुशीत आहे! सकाळपासून चार वेळा घंटी वाजली!"

चार वेळा. चारशे कळा, दुपारी दोनपर्यंत.

मला सगळं समजलं. मला समजलं नाही असं मी कुणालाही सांगू शकत नाही. उठायचं, खऱ्या रिपोर्टांच्या नकला काढायच्या, दोन जिने उतरून तळमजल्यावर जायचं. दहा मिनिटांचं काम. पण सिस्टर घरची फाइल बघणार, माझ्या नकला बघणार, आणि विचारणार की हे दुसरे कागद कुणी छापले. शुक्रवारच्या आधी. मी मनाशी म्हटलं, शनिवारी जाऊ. चार दिवसांनी काय होतंय? सर आजवर कळ काढत आलेच आहेत.

मी असं म्हटलं. याच तोंडाने.

गुरुवारी दुपारी सरांना सहन होईना. उशी तोंडात कोंबून ते कण्हायला लागले. काकू घाबरल्या आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आल्या. म्हातारे, भले डॉक्टर, सर्दीखोकल्याचे. ते म्हणाले, "दुखणं थांबवायचं इंजेक्शन देतो कमरेत. पण आधी रक्ताचा रिपोर्ट दाखवा. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साचतं, सुई टोचून चालत नाही."

पुढचं मला काकूंनीच सांगितलं, नंतर. त्यांना आमच्या दवाखान्यात दहा वेळा बजावलं होतं: कमरेत सुई नाही, ब्रश नाही, ब्लेड नाही. त्यांना पाठ होतं. पण सर पलंगावरून त्यांच्याकडे बघत होते. काकूंनी उशाखालून माझा ताजा कागद काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. दोन लाख चाळीस हजार. डॉक्टर म्हणाले, "उत्तम!" आणि त्यांनी कागद उलटला नाही. मागे पेन्सिलने लिहिलं होतं, नऊ हजार.

"माझ्या अगदी ओठांवर आलं होतं गं," काकू म्हणाल्या. "पण ते बघत होते ना माझ्याकडे. कसं बोलू त्यांच्यासमोर?"

"आणि सर? ते काही बोलले?"

"काही नाही. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. थोडेसे हसल्यासारखे झाले. आणि स्वतःच कुशीवर वळले."

पस्तीस वर्षं रक्त मोजलेला माणूस. नऊ हजार प्लेटलेटवर कमरेत सुई गेली तर काय होतं हे त्याला त्या डॉक्टरपेक्षा जास्त माहीत होतं. बायको बोलत नाही म्हणून तो बोलला नाही. तो बघतोय म्हणून बायको बोलली नाही. आणि सुई गेली.

संध्याकाळपर्यंत कंबर नारळाएवढी सुजली, काळीनिळी. रात्रभर काकूंनी बर्फ लावला. सकाळी त्यांनी सरांना आमच्या दवाखान्यात आणलं आणि मुलगाही आपल्या गावाहून थेट तिथेच पोचला. काकूंच्या हातात एक फाइल, मुलाच्या हातात दुसरी. तातडीच्या विभागातली तरुण डॉक्टरीण दोन्ही उघडून बघत राहिली. एकात माणूस ठणठणीत, एकात मरायला टेकलेला. दोन्हींवर एकाच लॅबचं नाव. तिने वर फोन लावला.

फोन मी उचलला. माझ्या समोरच्या दोन खुर्च्यांवर दोघे तपासनीस बसले होते. एक चहात बिस्किट बुडवत होता.

"यातला खरा कुठला?" तिने विचारलं. "पेशंट फार दुखतंय म्हणतोय. मी काय देऊ ते ठरवायचंय, लवकर सांगा."

एक वाक्य लागत होतं. 'चांगला मी बनवलाय, वाईट खरा.' सहा शब्दसुद्धा नाहीत. बिस्किटवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"नमुना पाठवा," मी म्हटलं. "परत तपासून सांगते."

त्या नमुन्याला यायला, मशीनवर लागायला, पट्टी रंगायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत सर खाली पॅसेजमध्ये चाकांच्या खाटेवर होते. पॅसेजचा आवाज जिन्यातून वर येतो. आम्हाला सवय असते, आम्ही ऐकत नाही. त्या दिवशी मला पेशी मोजताना ऐकू येत होतं. ते किंचाळत होते. मी मोजत होते. त्र्याण्णव कच्च्या, पाच एका जातीच्या, दोन दुसऱ्या. बेरीज शंभर. प्लेटलेट चार हजार. तपासनीस खांद्यावरून बघून म्हणाला, "तुमचं काम फार व्यवस्थित आहे, मॅडम. कुणाकडे शिकलात?"

"होते एक सर," मी म्हटलं.

रिपोर्ट द्यायच्या निमित्ताने मी धावत सुटले. आधी तळमजल्यावर. सिस्टर जेवायला बसल्या होत्या, डबा तसाच टाकून उठल्या. वाटेत मी त्यांना भडाभडा सगळं सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "चारदा घंटी मंगळवारी वाजली? आज शुक्रवार आहे." आणि पायांचा वेग वाढवला.

सरांचा आवाज तोवर बसला होता. ओठ पांढरे, डोळे अर्धवट. उजवा अंगठा चादरीवर दाबत होते. थांबून, परत दाबत होते. काकू मुलाला म्हणत होत्या, "बघ, बघ, झोपेतही त्यांचं ते खट् खट्." सिस्टरनी शिरेतून मॉर्फिन दिलं, सावकाश. मी अंगठ्याकडे बघत होते. एक. दोन. तीन. चौदापर्यंत मी मोजलं. मग अंगठा पडून राहिला. कपाळावरची आठी सुटली. तशी आठी सुटलेली मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

सतरा मिनिटांनी ते गेले. सव्वा वर्षाच्या दुखण्यात सुखाची मिनिटं सतरा. दहा मिनिटांत दोन जिने उतरून मी त्यांना तीन दिवस मिळवून देऊ शकले असते.

तपासणीत आमच्या लॅबला उत्तम शेरा मिळाला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी घरी जाऊन भिंतीवर डोकं आपटलं, खरोखर आपटलं. टेंगूळ आलं, तर आई म्हणाली कपाटाचं दार लागलं का.

पंधरा दिवसांनी मी काकूंकडे गेले. सगळं सांगायचं असं ठरवून गेले होते. नोकरी गेली तर गेली. एकशे दोन सांगायचं, पेन्सिल सांगायची, शप्पथ सांगायची, मंगळवार सांगायचा. कडू बोलायला मी कुणाला घाबरत नाही. जिन्यात दोनदा म्हणूनही बघितलं.

काकूंनी दार उघडलं आणि माझा हात धरून आत नेलं. पलंग तसाच होता, चादर धुतलेली. सगळे कागद त्यांनी इस्त्री केल्यासारखे सरळ करून काचेच्या कपाटात ठेवले होते, पुढची बाजू बाहेर.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "खरं सांग हं. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही ना गं?"

मी तोंड उघडलं. समोर तो चेहरा.

"नाही, काकू. काही कळलं नाही."

"माझ्या इंजेक्शनने गेले, हे मला कळतंय. तेवढं मी भोगीन. पण मी फसवलं, ते सुखाने फसले, एवढं तरी जमलं म्हणायचं." त्यांनी डोळे पुसले आणि खिडकीच्या कठड्यावरून डबडं उचलून मांडीवर घेतलं. "शेवटच्या आठवड्यात किती वाजवायचे! सारखी घंटी. आता मी रोज संध्याकाळी एकदा वाजवते. घरात ते असल्यासारखं वाटतं. थांब, तुला ऐकवते."

त्यांनी पहिलं बटण दाबलं, कंबरेचं. खट्. मग परत. खट्. मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. त्या एकच बटण दाबत होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. मी मोजत होते, मला न मोजणं येत नाही. शंभरला घंटी वाजली.

"गोड आहे ना आवाज?" काकू म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"मग अजून एकदा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.